निंबोल्यातली चांदमारी

दूध घेताना आमचे घरमालक दुधाकडे संशयाने बघत, यात विशेष काही नाही. दुधाकडे बुऱ्हाणपुरात सगळेच तसं बघतात. पण ते आधी स्वतःच्या पातेल्याकडेही बघत. स्वतः घासलेलं, स्वतःच्या हाताने आणलेलं पातेलं ते उजेडाकडे तिरकं करत, आत डोकावत आणि मगच दुधवाल्याला म्हणत, "हं, टाक."

लोधीपुऱ्यात त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही साडेतीन वर्षं राहिलो. खाली ते एकटे. बायको आम्ही यायच्या आधीच वारली होती, मुलगी लग्न होऊन इंदूरला. गल्लीतले सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. नोकरीत असताना ते सरकारी बसमध्ये तिकिटं तपासत. पुढे आमच्या राज्यातली सरकारी बसच बंद झाली. काका घरी बसले, तपासणी चालूच राहिली.

घर बघायला गेलो त्या दिवशीच मला कळलं होतं. माझा नवरा आणि मी कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे मी त्याला अरे-तुरे करते. काकांनी ते ऐकलं आणि किल्ली द्यायला पुढे केलेला हात मागे घेतला.

"मॅडम, नवऱ्याले तू म्हन्ता?"

"हो. सवय आहे."

"लग्नाचा फोटो आहे का?"

मी मोबाइल काढून दाखवला. त्यांनी तो लांब धरून, जवळ धरून पाहिला. "मोबाइलवर तर काहीही दिसते. कागदावरचा आना."

आम्ही खरंच दुसऱ्या दिवशी अल्बम घेऊन गेलो. त्यांनी एकेक पान उलटलं, मध्येच एका फोटोवर बोट ठेवून "हे कोन?" असं माझ्या मामांबद्दल विचारलं आणि शेवटी किल्ली दिली. नवरा जिन्यात हसून म्हणाला, "यार, पासपोर्ट ऑफिसवाले पण इतकं नाही बघत." मला हसू आलं नव्हतं. माणूस इतकं तपासतो म्हणजे याला कशाची तरी भीती असणार, नाहीतर हाच काहीतरी लपवत असणार, असं मला वाटलं होतं. संशयी माणसाबरोबर राहायचं म्हटलं की पहिल्याच दिवशी आपणही थोडे तसे होतो.

कुलूप लावल्यावर ते ओढून बघायचे, कोपऱ्यापर्यंत जायचे, परत येऊन पुन्हा ओढायचे. प्रसाद दिला तर "कोनी बनवला?" विचारायचे. कुणी "काय चाललंय?" याला "काही नाही" असं उत्तर दिलं की ते थांबत आणि विचारत, "काही नाही म्हंजे काय काय नाही?" समोरचा हसायचा. काका हसत नसत. त्यांना उत्तर हवं असे.

एकदा सकाळी मी शाळेत शिकवायला निघाले तर दाराशी काका काठीने आमच्या कचऱ्याची पिशवी उकलून बघत होते. मी संतापले. "काका, हे काय? दुसऱ्याचा कचरा बघतात का?"

"चोरून नाही पाहून राह्यलो, मॅडम. समोर पाहून राह्यलो."

"पण का?"

"मानूस बोलते ते येगळं. फेकते ते खरं."

मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. कचरा शाळेच्या वाटेवरच्या कुंडीत टाकायला लागले. नवऱ्याने मात्र फार मनावर घेतलं नाही. तो पुन्हा जिन्याखाली पिशवी ठेवायला लागला.

काकांना एक शौक होता, एअरगनचा. लोखंडी कपाटावर जुन्या चादरीत गुंडाळलेली ती छऱ्याची बंदूक दर रविवारी खाली यायची. काका ओट्यावर बसून तेलाच्या फडक्याने तिची नळी पुसत. निंबोल्याला त्यांचा केळीचा तुकडा होता, बटाईने दिलेला. तिथे जाऊन ते नेमबाजी करत. ते तिला चांदमारी म्हणत. पाखरावर त्यांनी बंदूक कधी रोखली नाही. घरी आलेल्या लग्नपत्रिका ते जपून ठेवत, त्यांच्या कोऱ्या पाठीवर काकूंची बांगडी ठेवून गोल काढत आणि त्या गोलात छरे मारत. संध्याकाळी परत आले की पत्रिका दिव्यासमोर धरून मला भोकं दाखवत.

"हे पाहा. हे भोक मी पाडलं. याच्यात कोनाची गवाही लागत नाही."

आयुष्यभर लोकांच्या थापा ऐकलेल्या माणसाला हे एवढं एक पुठ्ठ्यावरचं सत्य आवडत असावं, असं आता वाटतं. तेव्हा मला ते वेड वाटायचं.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या घरात काहीतरी बिनसलं.

माझा नवरा कापड तपासायचं काम करायचा. पॉवरलूमवरून आलेली कोऱ्या कापडाची थानं, म्हणजे तागे, काचेच्या टेबलावरून ओढायची, खालून दिवा असतो, तुटलेला धागा, जाळी, तेलाचा डाग दिसला की खडूने खूण करायची. शेठचा त्याच्यावर विश्वास होता. "याच्या नजरेतून सुटलं ते कापडात नव्हतंच," असं शेठ म्हणायचा, आणि हे वाक्य नवरा घरी येऊन मला दर महिन्याला एकदा तरी ऐकवायचा.

आता तो हे वाक्य ऐकवेनासा झाला. मोटरसायकल घरी ठेवून ऑटोने जायला लागला. म्हणे, ट्रॅफिक फार वाढलं. सिनेमाला चल म्हटलं तर नको. माझ्या मैत्रिणीकडे जेवायला चल म्हटलं तर नको. रविवारी दुपारी एकटाच बाहेर पडायचा आणि दोन तासांनी परत यायचा.

"कुठे गेला होतास?"

"असंच. राजघाटावर बसलो होतो."

"एकटा?"

"हो, एकटाच. कोण असणार?"

माणूस दर रविवारी एकटा तापीच्या घाटावर दोन तास काय करतो? मी त्याचा फोन पाहिला. काही सापडलं नाही. काही सापडलं नाही म्हणून संशय वाढला. एकदा मी त्याला चहा ओतून घे म्हटलं, तर त्याने कपाच्या बाहेरच ओतला, आणि मी काही बोलायच्या आत माझ्यावर ओरडला. लग्नाला सहा वर्षं झाली होती, तो कधी ओरडला नव्हता. त्याचं मन दुसरीकडे आहे, एवढं मला दिसत होतं. दुसरीकडे म्हणजे कुठे, ते मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं. त्यांच्या गोदामात हिशेब लिहायला एक नवी मुलगी आली होती. तिचं नाव त्याने दोनदा घेतलं होतं. दोनदा, हे मी मोजलं होतं.

अशात एका संध्याकाळी काकांनी मला ओट्यावर थांबवलं.

"मॅडम, तो पितो का?"

"कोण?"

"तुमचा मानूस. जिना उतरताना भिंतीले हात लावून उतरते. पह्यले नव्हता लावत."

"नाही पीत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच खोटा वाटला, कारण मी स्वतःच रात्री त्याच्या तोंडाचा वास घेऊन पाहिला होता.

काका ओट्यावरून उठले. मग म्हणाले, "येत्या रविवारी निंबोल्याले चला. दोघं. चांदमारी करू."

तीन वर्षांत या माणसाने आम्हाला चहा विचारला नव्हता. मी वर येऊन नवऱ्याला सांगितलं. "नक्की खोल्या खाली करायला सांगणार. शेतात नेऊन सांगणार, म्हणजे आपण भांडणार नाही."

"मग जायचंच कशाला? छोड ना यार. मला बंदूक-बिंदूक काही नाही चालवायची."

तो इतक्या घाईने नको म्हणाला, की रविवारची दुपार त्याला कुणासाठी तरी मोकळी हवी आहे, याची मला खात्री पटली. त्याच आठवड्यात आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. मी म्हणाले, "मला दुसरं काही नको. एवढी एक सहल कर माझ्याबरोबर." तो माझ्याकडे न बघता बरं म्हणाला. मला सहल नको होती. मलाही तपासणीच करायची होती.

रविवारी सकाळी आम्ही खाजगी बसने निघालो. काकांनी बंदूक चादरीसकट मांडीवर आडवी घेतली होती. कंडक्टरने तिकिटं दिली, ती त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिली. तो पोरगेला कंडक्टर चिडून म्हणाला, "काका, असलीच आहेत." काका म्हणाले, "असली असते त्यालेच पाहावं लागते. नकली तर लांबूनच समजते." नवरा खिडकीशी बसला होता आणि बाहेर बघत होता. काका तिकिटं खिशात ठेवून सबंध वाटभर त्याच्याकडे बघत होते. मी त्या दोघांकडे बघत होते.

निंबोल्याच्या फाट्यावर उतरून आम्ही केळीतून चालत गेलो. ऊन कोवळं होतं. घडांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेल्या होत्या आणि ठिबकच्या नळ्या पायात येत होत्या. नवरा एका नळीला अडखळला. मी मागे होते, मला वाटलं, लक्ष नाही. काका पुढे होते, तरी त्यांनी वळून पाहिलं.

शेताच्या टोकाला पडक्या गोठ्याची एक मातीची भिंत उभी होती. भिंतीला टेकून मातीने भरलेली चार पोती रचली होती. त्यांच्यासमोर पंधरा-सोळा पावलांवर जमिनीवर एक तरट. हीच काकांची चांदमारीची जागा. भिंतीमागे पडीक जमीन होती, तरी त्यांनी आधी भिंतीमागे जाऊन कुणी नाही ना, ते पाहिलं. परत आले. पुन्हा गेले.

मग त्यांनी शिकवायला सुरुवात केली, आणि मी चकित झाले. हा माणूस इतका शांत बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. बंदूक मधून मोडून, म्हणजे नळी सांध्यापाशी खाली वाकवून, छर्रा कसा भरायचा, दस्ता खांद्याला कसा टेकवायचा, नळीच्या टोकावरचा नेमाचा बारीक उंचवटा, म्हणजे माशी, मागच्या खाचेत कशी बसवायची. "बंदूक रिकामी आहे असं कोनी म्हनलं, तर मानायचं नाही. मी म्हनलो तरी मानायचं नाही. उघडून पाहायची. आन छर्रा नसताना घोडा दाबायचा नाही, आतली स्प्रिंग मरते."

पोत्यावर एक लग्नपत्रिका उलटी टाचली होती. आधी मी. तरटावर पालथी पडून मी डावा डोळा मिटला, श्वास धरला आणि घोडा दाबला. फट् असा एवढासाच आवाज. छर्रा पोत्यात कुठे गेला कळलंही नाही. दुसरा पत्रिकेच्या कोपऱ्याला लागला. पाचवा गोलाच्या आत. मी ओरडलेच. उठून पळत जाऊन भोकाला बोट लावून पाहिलं. कितीतरी दिवसांत मी अशी खूश झाले नव्हते. नवराही हसला, टाळ्या वाजवल्या. त्या क्षणी मी त्याची झडती घ्यायला आले आहे, हे मी साफ विसरले होते.

मग तो आडवा झाला. त्याने दस्ता उजव्या खांद्याला लावला आणि मान अशी काही वाकडी करून पलीकडे नेली, की डावा डोळा नळीवर यावा. तीन छरे गेले. पत्रिकेला एकही लागला नाही.  मग त्याने बंदूक डाव्या खांद्याला घेतली आणि चार छरे मारले. चारही पत्रिकेत, दोन गोलात.

"वा!" मी म्हणाले.

"तू डावखुरा आहे का रे?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मंग उजवीकडून मार. डावा डोळा मीट."

"जाऊ द्या ना काका. खांदा दुखून राहिला."

"एकच. पत्रिका फाटली, मी नवी लावतो."

ते बंदूक घेऊनच पोत्यांकडे गेले. आमच्याकडे पाठ करून तिथे थोडा वेळ काहीतरी करत राहिले. फाटकी पत्रिका काढून खिशात घातली. परत येताना बंदूक मोडून बंद केली आणि त्याच्या हातात दिली. नवरा मान खाली घालून हातातल्या बंदुकीकडेच बघत होता. मी पोत्याकडे पाहिलं. पोत्यावर पत्रिका नव्हती. नवी पत्रिका लावायला म्हातारा विसरला, असं मला वाटलं. मी "काका, अहो..." म्हणाले, तर त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. 

नवऱ्याने समोर न बघताच दस्ता उजव्या खांद्याला लावला. डावा डोळा मिटला.

"पत्रिका दिसते?" काका म्हणाले.

"हो."

"गोल?"

"दिसतोय."

"मंग मार."

फट्.

"कुठी लागला?"

"थोडा डावीकडे गेला बहुतेक."

केळीत पाणी सोडलेलं होतं, त्याचा आवाज येत होता.  मग काका म्हणाले, "आता डावा उघड."

त्याने डोळा उघडला. रिकाम्या पोत्याकडे बघत तो तसाच पालथा पडून राहिला. काकांनी त्याच्या हातातून बंदूक काढून घेतली. "आत छर्राही नव्हता," ते हळूच म्हणाले.

तो ताडकन उठला. चेहरा लाल झाला होता. "हा काय तमाशा आहे? मी काय चोर आहे का, काका?"

"चोर नाही म्हनत. अठ्ठावीस वर्षं बसमधी उभा राह्यलो मी. ज्याच्यापाशी तिकीट नसते तो खिडकीबाहेर पाहत बसते. तू दिवाळीपासून तसाच बसून राह्यला." मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "उजव्याने किती दिसते?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. काकांना टाळायचं होतं म्हणून असेल, पण पाहिलं, आणि मग तो तरटावर बसला. "कडेला थोडा उजेड दिसतो," तो म्हणाला. "बाकी काही नाही."

पावसाळ्यात एकदा टेबलावर थान ओढताना डाव्या डोळ्यात कापसाचा तंतू गेला, म्हणून त्याने तो चोळत मिटला, आणि समोरचं कापड नाहीसं झालं. तेव्हापासून त्याला माहीत होतं. डॉक्टरकडे गेला नाही, कारण डॉक्टर जे सांगेल ते शेठला कळेल आणि एका डोळ्याचा चेकर कोण ठेवणार? दर रविवारी तो राजघाटावर बसायचा, पलीकडच्या काठावरची झाडं एकेका डोळ्याने मोजायचा. मागच्या रविवारपेक्षा कमी झाली का, ते बघायला. उजव्याची तर कधीच संपली होती. आता डाव्यालाही कडेची झाडं मिळेनाशी झाली होती.

मला काय वाटलं ते खरं सांगते. मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. कुणी बाई नव्हती. ती हिशेब लिहिणारी मुलगी नव्हती. एक क्षणभर मला इतकं हलकं वाटलं, की मी जवळजवळ हसले. मग तो काय सांगतो आहे ते माझ्या डोक्यात शिरलं आणि माझी मलाच किळस आली. आणि त्यानंतर राग. मी त्याच्या दंडाला धरून हलवलं. "मला का नाही सांगितलंस? मला?"

"तू घाबरली असतीस."

"मग घाबरू द्यायचं होतंस!"

काका तोवर बाजूला जाऊन पोत्याच्या मागे काहीतरी आवरत उभे होते. आवरायला तिथे काहीच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही जळगावला गेलो. स्टेशनवर काका आधीच उभे. कुणी बोलावलं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बरंच तपासलं आणि विचारलं, "डोळ्यांत काही थेंब टाकता का?"

"नाही. म्हणजे खाज आली तर, साधे."

"साधे म्हणजे कोणते?"

त्याला नाव आठवेना. काकांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि टेबलावर सोडली. आत थेंबांच्या तीन रिकाम्या बाटल्या होत्या. आमच्या कचऱ्यातल्या. "दर पंधरा दिवसाले एक फेकते," ते म्हणाले. "येवढी खाज कोनाले असते?"

बाईंनी बाटली वाचली आणि मान हलवली. कापसाच्या धुळीने डोळे खाजायचे, म्हणून दोन वर्षांपूर्वी कुणा औषधवाल्याकडून त्याने ते थेंब आणले होते. लगेच आराम पडायचा, म्हणून आणतच राहिला. त्यांत स्टेरॉइड होतं. महिनोन् महिने टाकल्याने डोळ्यांतला दाब वाढला होता आणि दुखल्याखुपल्याशिवाय आतली नस मरत गेली होती. उजवा आता परत येणार नव्हता. डावा वाचवता येईल, बाई म्हणाल्या, पण आणखी दोन-तीन महिने गेले असते तर सांगता आलं नसतं.

बाहेर आल्यावर काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही बाई बरोबर सांगून राह्यली का? अजून एकाले दाखवा." आम्ही इंदूरला दाखवलं. तिथेही तेच सांगितलं. तेव्हा कुठे काकांनी मानलं.

डावा डोळा वाचला. रोज औषध, दर तीन महिन्यांनी दाबाची तपासणी, हे आता जन्माचं आहे. शेठला त्याने स्वतः सांगितलं. शेठ वाईट वागला नाही, त्याला काढलं नाही. काचेच्या टेबलावरून उठवून माल रवाना करायच्या दाराशी बसवलं. पण ज्या टेबलाशी तो दहा वर्षं उभा होता, तिथे दुसरा उभा राहिलेला त्याला रोज दिसे. तो राग त्याने काकांवर काढला. त्यांचे उपकार त्याला कळत होते, म्हणून तर जास्तच. काका ओट्यावर असले की हा जिन्यात थांबून राही, ते आत गेल्यावर उतरे. "डोळा गेला त्याचं काही नाही," एकदा तो मला म्हणाला, "पण तुझ्यासमोर त्यांनी मला रिकाम्या पोत्यावर नेम धरायला लावला. ते मी नाही विसरत."

आणि ज्या माणसाने आमचा कचरा उकलला, आमचा लग्नाचा अल्बम तपासला, त्याने ही गोष्ट गल्लीत कुणालाही सांगितली नाही. शेजारच्या वहिनी मला पुढे कितीतरी महिने विचारत होत्या, "भैया गाडी का नाही चालवत हो?" म्हणजे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही घर बदललं. गोदामाजवळ खोल्या मिळाल्या, त्याला पायी जाता येईल, हे कारण खरं होतं. पण तेवढंच नव्हतं. सामान टेम्पोत चढलं. नवरा खालूनच ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. किल्ली द्यायला मी एकटी गेले.

काकांनी वर जाऊन दोन्ही खोल्या पाहिल्या. नळ सोडून पाहिला, बटणं दाबून पाहिली. मी दारात उभी होते. खूप दिवस मनात होतं ते विचारलं.

"काका, तुम्हाला आधीच कळलं होतं. मग त्याला एकट्याला बाजूला घेऊन का नाही विचारलंत? माझ्यासमोर कशाला? त्याला ते फार लागलंय."

ते खिडकीची कडी लावत होते. लावून झाल्यावर वळले.

"एकट्याले विचारलं असतं, तर त्याने मले सांगतलं असतं. पक्कं सांगतलं असतं. आन मंग पाया पडून म्हनला असता, हिले सांगू नका." त्यांनी कडी पुन्हा ओढून पाहिली. "मंग तुह्यापासून लपवनारे दोघं झालो असतो. पोरी, एका घरात एक बस्स झाला."

साडेतीन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा पोरी म्हटलं. मी वाकून नमस्कार केला. ते मागे सरकले आणि "जा, टेम्पोवाला उभा आहे," म्हणाले.

टेम्पो गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा नवऱ्याने विचारलं, "काय म्हणाले?"

मी त्याला सगळं सांगितलं. शब्दन् शब्द, जसं ते बोलले तसं.  मुख्य रस्त्यावर वळायच्या आधी त्याने ड्रायव्हरला थांबायला सांगितलं, खाली उतरला आणि मागे चालत गेला.

मी टेम्पोतून पाहिलं. काका दाराला कुलूप लावत होते. हा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.  काका काहीतरी बोलले, मग हा बोलला. इतक्या लांबून काही ऐकू येत नव्हतं.

तो परत येऊन माझ्या शेजारी बसला. काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही, आणि मी आजवर विचारलेलं नाही.